शेजारीण दार उघडते तेव्हा

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



व्यावसायिक रंगभूमीवर मी बारा वर्षं सून होते. पहिल्या अंकात हसणारी, दुसऱ्यात रडणारी, तिसऱ्यात माफ करणारी. समोरच्या काळोखात बायका पदराने डोळे पुसायच्या आणि दिवे लागले की घरी जायच्या. एकदा प्रयोगानंतर एक बाई रंगपटात आल्या. म्हणाल्या, ‘छान रडलात. पण शेवटी माफ केलंत, ते मी नसतं केलं.’ मी विचारलं, ‘मग काय केलं असतंत?’ त्या बोलणार, तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक आली. उत्तर राहूनच गेलं.

असं उत्तर ऐकायला मिळेल, अशा नाटकाच्या शोधात मी निघाले.

लोकांपर्यंत नाटक नेणं आपल्याला नवं नाही. सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आणलं आणि बायकांचं दुःख बायकांच्याच तोंडून वस्त्यावस्त्यांत पोचलं. मीही पुढे पथनाट्यांत उतरले. पण तिथेही शेवट आम्हीच ठरवत होतो. आम्ही सांगायचं, बायकांनी ऐकायचं.

मग ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या कामाची ओळख झाली. १९७३ मध्ये ते पेरू देशात साक्षरतेच्या मोहिमेत नाटकं करत होते. तिथल्या एका बाईने आपली गोष्ट सांगितली. नवऱ्याने घराचे कागद म्हणून तिच्याकडे जपायला दिलेली चिठ्ठीचपाटी म्हणजे दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं होती! हिला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांकडून वाचून घेतली तेव्हा कळलं. आता नवरा घरी येणार, तर काय करायचं? नटांनी प्रेक्षकांच्या सूचना करून दाखवल्या. एक धिप्पाड बाई म्हणाली, ‘त्याच्याशी स्पष्ट बोला, मग माफ करा.’ नटी पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होती, बाईचं समाधान होईना. शेवटी बोआल म्हणाले, ‘तुम्हीच या.’ ती आली आणि हातात झाडू घेऊन तिने ‘नवऱ्या’ला झोडपून काढलं. तिचं ‘स्पष्ट बोलणं’ ते होतं! तिच्या मनातलं नटीला कळलंच नव्हतं, कारण नटी ते आपल्या समजुतीने करत होती. प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घ्यायची, ही फोरम थिएटरची रीत अशा अनुभवातून घडली. आपल्याकडे बंगालमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेल्या संजय गांगुलींच्या ‘जन संस्कृती’ने पुढे खेड्यापाड्यांत हे काम केलं.

आमच्या गटाने वीस मिनिटांचं नाटक बसवलं. रात्री दारू पिऊन आलेला नवरा बायकोला घराबाहेर काढतो. ती शेजारणीचं दार वाजवते. शेजारीण आतून कडी घालते. इथे नाटक संपतं. मग सूत्रधार बाई विचारते, ‘कुठे, काय वेगळं करता आलं असतं?’ आणि तेच नाटक पुन्हा सुरू होतं. ज्या बाईला वाटेल तिने ‘थांबा’ म्हणायचं आणि पात्राच्या जागी उभं राहायचं.

एका प्रयोगात एक पुरुष उठला. दिराच्या जागी येतो म्हणाला आणि एक वाक्यही बोलायच्या आधी त्याने माझा दंड घट्ट धरला. सोडेना. लोक हसत होते. नंतर तिथले आयोजक मला म्हणाले, ‘ताई, नाटकच तर होतं.’ दंडावरचा वळ चार दिवस राहिला, तो मात्र नाटकातला नव्हता.

हा प्रश्न एका वस्तीपुरता नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ ते २०२५ ‘स्लीप नो मोअर’ हे नाटक चाललं. मुखवटे घातलेले प्रेक्षक अनेक मजल्यांवर नटांच्या मागून फिरायचे. प्रेक्षकांनी अंगचटीला येण्याच्या तक्रारी तिथल्या काही कलाकारांनी केल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या. नटी आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत पाडायची, तर नटीच्या संरक्षणाचा विचार आधी करायला हवा.

तेव्हापासून आम्ही सुरुवातीलाच नियम सांगतो. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मारायचं असेल तर हातभर अंतरावरून. नटी ‘थांब’ म्हणाली की थांबायचं. एकदा हे ऐकून मागून एक मुलगी म्हणाली, ‘असा नियम घरी कोण करणार?’ सगळ्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

त्या दिवशीच्या प्रयोगात आधी एक तरणी बाई आली. तिने ‘नवऱ्या’ला लांबूनच चपलेने बडवलं. टाळ्या पडल्या. तेव्हा एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘मारलंस, बरं केलंस. पण खोली त्याच्या नावावर. रात्री निजशील कुठं?’ सूत्रधार म्हणाली, ‘आजी, तुम्ही या.’ आजी उठल्या. आम्हाला वाटलं, बायकोच्या जागी उभ्या राहतील. त्या थेट शेजारणीच्या जागी गेल्या. कडी काढली, थाळी घेतली आणि दारात उभं राहून वाजवायला लागल्या. बघता बघता समोरच्या सात-आठ जणी उठून त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. ‘नवरा’ झालेला आमचा नट पुढचं वाक्यच विसरला.

माराची गोष्ट लिहिताना आमचं सगळं लक्ष नवरा-बायकोवर होतं. शेजारणीला आम्ही दोन वाक्यं दिली होती. नाटकाची किल्ली तिच्याकडे आहे, हे आजींनी दाखवलं.

आता प्रयोग संपला की आम्ही वही उघडतो. रात्री कोणाचं दार उघडेल, त्यांची नावं त्याच तिथे लिहितात. घर कोणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला दिला आहे, हे सांगतो. नाटकाने मारहाण थांबते, असा माझा दावा नाही. त्या वस्तीत पहिल्या दिवशी वहीत चार नावं आली. सर्वांत वर आजींचं होतं, अंगठ्याच्या ठशासह.

तुमच्या गटात हे करायचं असेल तर मोठा रंगमंच लागत नाही, पाठांतरही फारसं लागत नाही. तुमच्या वस्तीतली कडी कोण घालतं, तेवढं शोधा. नाटक तिथून सुरू करा.