एकरेघी वहीतला फराटा

अकरा वर्षांच्या एका मुलाची एकरेघी वही त्याच्या आईने माझ्यापुढे ठेवली. अक्षर सुरेख, पण तीन-चार शब्द झाले की पेन्सिलीचा फराटा थेट समासाबाहेर. पुन्हा तीन-चार शब्द, पुन्हा फराटा. बाईंचा लाल शेरा : ‘लक्ष कुठे असते?’ मी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. दर आठ-दहा सेकंदांनी हात दचकायचा, मान खाली जायची, पाणी सांडायचं. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढला, तर कागदावर त्याच ठेक्यात तसेच फराटे!

‘‘लहानपणी गोवर?’’

‘‘हो, दीड वर्षाचा असताना. लस राहिली होती. पण बरा झाला होता की, डॉक्टर.’’

तो बरा झाला नव्हता. वाळवी लागलेली चौकट पाहिली आहे ना? वरून रंग ताजा, पण आत पोखरणं चालूच. काही वर्षांनी अंगठा टेकवावा, तर लाकूड आत जातं. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत गोवराचा विषाणू असाच दडून राहतो आणि सहा-आठ-दहा वर्षांनी मेंदूची सूज उघडी पडते. आधी अभ्यास घसरतो, मग झटके. आम्ही याला एसएसपीई म्हणतो. झटके कमी करता येतात. आजार मुळापासून घालवणारं औषध नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका अधिक.

वाळवीचं औषध पाया भरतानाच मारतात, चौकट खचल्यावर नाही. पाया म्हणजे नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवराची लस. दुसरा हात सोळा ते चोवीस महिन्यांत. उशाशी कडुलिंब खुशाल ठेवा, पण तो लसीच्या जागी चालत नाही! आणि लसीमुळेच हे होतं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या मुलांच्या मेंदूत सापडतो तो आजाराचा विषाणू, लसीतला नव्हे.

2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हाची तान्ही मुलं आता कुठे शाळेत जायला लागली आहेत. त्यांचा हिशेब अजून काही वर्षांनी कळेल. नऊ महिन्यांखालच्या बाळाला तर शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लसीचा मोठा आधार, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होते आहे, वेळ संपली.

पुन्हा सांगतो, नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत. लस राहिली असेल, तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळते. रेडिओ बंद केलात की कपाटातलं लसीचं कार्ड काढा आणि गोवर-रुबेलापुढे दोन तारखा आहेत का, ते बघा.