धूर किती उंच आहे?

आमच्या ताडकळस गावाच्या शिवारात कापूस संपला की पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि अजूनही कित्येक धुऱ्यांवर त्या पेटवल्या जातात. या धुराची मोजणी कोण करतं? हवा मोजणारी यंत्रं बहुतकरून शहरांत आहेत. खेड्यांसाठी भिस्त उपग्रहांवर. २०१७ साली सोडलेला युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो.

पण उपग्रह हवा आत ओढून घेत नाही. जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश तो तपासतो. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू त्या प्रकाशातला काही निळा-जांभळा प्रकाश शोषतो. किती प्रकाश कमी पडला, त्यावरून खालपासून वरपर्यंतच्या हवेत मिळून वायू किती, हे काढतात. तो आपल्या नाकाशी आहे की दोन किलोमीटर वर, हे मात्र गृहीत धरावं लागतं. अन् जमिनीलगतचा वायू उपग्रहाला कमीच जाणवतो. तो वर आहे असं धरलं आणि निघाला खाली, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

म्हणून विमान हवं. २०११ ते २०१४ या काळात ‘नासा’नं अमेरिकेत चार ठिकाणी हे केलं. विमान एकाच जागेवर गिरक्या घेत वर-खाली जाई, प्रत्येक उंचीवरची हवा मोजी. खाली जमिनीवरची यंत्रंही त्याच वेळी चालू असत.

हे काम आपल्याला नवं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरहून विमानं उडवली. हेतू ढगांचा आणि कृत्रिम पावसाचा होता, तरी हवेतले सूक्ष्म कणही मोजले गेले. पण पावसाळ्यात ढगाखालची हवा उपग्रहाला दिसतच नाही. उपग्रहाच्या आकड्याशी ताळा जुळवायचा तर आभाळ निरभ्र हवं.

आणि हिवाळ्यातच खरी गरज आहे. संध्याकाळी पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर रात्री गार हवेत जमिनीलगत दबून राहतो. लेकरं, म्हातारी माणसं तो पहाटेपर्यंत श्वासात घेतात. दुपारी दीडला उपग्रह येतो, तोवर उन्हानं हवा ढवळून धूर पांगलेला असतो. नकाशावर गाव स्वच्छ दिसतं! त्या नकाशावरून कुणी आमच्या हवेचा निवाडा करू नये. जवळ नांदेडला विमानतळ आहे. पऱ्हाट्या जळतात त्या दिवसांत तिथून दोन उड्डाणं व्हावीत, एक उजाडताना आणि एक दुपारी दीडला, अशी माझी हवामानशास्त्रज्ञांना कळकळीची विनंती आहे.