शेतावरचे दोन दिवस : पाहुणचाराचा जोडधंदा
(मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज पीक, खत किंवा कीड यापेक्षा थोडा वेगळा विषय घेतो. अकोल्यासारख्या शहरातील नोकरदार नवरा-बायको आता लग्नाचा वाढदिवस हॉटेलात जेवून साजरा करण्याऐवजी एखादी रात्र गावाकडे शांतपणे घालवू पाहतात. आपली मेडशी अकोला-वाशीम महामार्गावर आहे. पातूरचा घाट आणि जंगल शेजारी आहे. काटेपूर्णा अभयारण्य आणि शिरपूर जैनचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरही याच भागात आहे. तेव्हा असे पाहुणे आपल्या शेतावर का थांबू नयेत, याचा विचार करू या.

ही कल्पना नवी नाही. इटलीत १९८५ मध्ये यासाठी कायदा झाला. पाहुणचार हा शेतीला पूरक असावा, मुख्य धंदा शेतीच राहावी, हे त्याचे सूत्र आहे. आपल्याकडे बारामती भागात २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचे संघटित प्रयत्न सुरू झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नियम व शुल्काची खात्री करूनच कामाला लागावे.

आता हिशेब पाहू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपण आपले मांडावेत. एका जोडप्याकडून एका रात्रीचे जेवणासह ३,००० रुपये मिळाले आणि किराणा, धुलाई, मजुरी यावर १,२०० रुपये खर्च झाला, तर १,८०० रुपये उरतात. वर्षात ४० रात्री भरल्या तर ७२,००० रुपये, २० च भरल्या तर ३६,००० रुपये. नवी खोली व संडास-बाथरूम यांवर साडेतीन लाख घातले, तर पहिल्या हिशेबाने पैसे सुमारे ५ वर्षांत फिटतात, दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ १० वर्षे लागतात. तेच मळ्यातील जुनी खोली ८०,००० रुपयांत दुरुस्त केली, तर २० रात्रींवरही सव्वादोन वर्षांत पैसे निघतात. म्हणून सुरुवात एका खोलीने करावी आणि कर्ज काढून करू नये. सोयाबीनच्या भावाने आधीच हात पोळलेले असताना दुसरा जुगार नको.

हंगामही ओळखावा. एप्रिल-मे मधील आपले ऊन पाहुण्यांना सोसवणार नाही. पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. थंडीत हुरडा हे मोठे आकर्षण असते. ओलिताची सोय असल्यास रब्बीत फुले उत्तरा किंवा फुले मधुर हे हुरड्याचे वाण थोड्या क्षेत्रावर घ्यावेत. दाणा हिरवा व मऊ राहण्याचा काळ जेमतेम आठवडाभराचा असतो. म्हणून सर्व पेरणी एकदम न करता ८ ते १० दिवसांच्या अंतराने तीन तुकड्यांत करावी, म्हणजे महिनाभर हुरडा पुरतो. कणीस निसवल्यावर या तुकड्यावर कीटकनाशक फवारू नये आणि शेजारच्या तुरीवरील फवारा इकडे येणार नाही, हेही पाहावे.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधे कुलपात ठेवावीत आणि फवारलेल्या शेतात पाहुण्यांना नेऊ नये. विहिरीला कठडा बांधावा, पायवाटेवर दिवा लावावा व पाहुण्यांची नोंदवही ठेवावी.

आलेल्या जोडप्याला फार काही लागत नाही. स्वच्छ संडास, धुतलेली चादर, दाराला आतून कडी, भाकरी-पिठले, ठेचा, एखाद्या वेळी रोडगे आणि वांग्याची भाजी. लाऊडस्पीकर लावू नये आणि घरातल्या पोरांनी खोलीभोवती गर्दी करू नये. त्यांना निवांतपणा हवा असतो आणि त्याचेच ते पैसे देतात.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हा धंदा काढतो घरधनी, पण चूल पेटवते, चादरी धुते आणि पहाटे पाणी तापवते ती घरधनीण. निंदणी-खुरपणी करून आल्यावर तिच्यावर हे काम वाढणार असेल, तर तो जोडधंदा नाही, तो तिच्या पाठीवरचा बोजा आहे. म्हणून सुरू करण्याआधी तिला विचारावे. तिची मजुरी खर्चात धरावी आणि ती तिच्याच बँक खात्यात जमा करावी. मदतीला एक बाई ठेवावी. तिने "या आठवड्यात नको" म्हटले, तर पाहुण्यांना नाही म्हणावे.

दुसऱ्याच्या लग्नाचा वाढदिवस आपण चार पैसे मिळवून साजरा करून देऊ. पण आपल्या स्वतःच्या लग्नाची तारीख किती जणांना आठवते? वर्षातून त्या एका दिवशी खोली रिकामी ठेवावी, चूल दुसऱ्याने पेटवावी आणि दोघांनी मिळून वर्षाचा जमाखर्च पाहावा. धंदा पुढे चालवायचा की थांबवायचा, हे त्या दिवशी दोघांनीच ठरवावे.