निघण्याआधीच बोली करू

दिवाळी झाली की आपल्या बीडच्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या सांगली-कोल्हापूरकडे निघतील. रात्रभराचा रस्ता, अन् कुणाकुणाच्या मांडीवर तान्हं लेकरू.

मागच्या साली आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, वाटेत पाणी किती प्यालात? बहुतेकजणी म्हणाल्या, "घोटभरच. लघवीला गाडी कोण थांबवणार?" लेकरू रडलं की साखरपाणी चाटवलं.

म्हणून यंदा आम्ही ठरवलंय. मुकादमाशी आधीच बोली करायची: दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबेल, आणि लेकुरवाळी सामानावर नाही, ट्रकच्या केबिनमध्ये बसेल. हे एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून सांगायचं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हातही वरचं पाणी नको, साखरपाणी तर नकोच. अंगावरचं दूध पुरतं. पाणी प्यायचं ते आईनं, पोटभर. बाळानं दिवस-रात्रीत सहा वेळा लघवी केली, तर दूध पुरतंय समजा. लसीकरणाचं कार्ड पिशवीत घ्या, तिकडच्या सरकारी दवाखान्यातही डोस मिळतो.

येत्या शनिवारी मुकादमाला बैठकीला बोलावलंय. सगळ्याजणी या, सासूबाईंनाही आणा.