आकाशातला डोळा आणि जमिनीवरचा माणूस



कामगार संघटनेत वावरणाऱ्या माणसाने उपग्रहांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सभा, ग्रंथालये व रात्रीचे वाचन यांत अधिक झाले. परंतु ज्या गोष्टीवर आपले पाणी, आपले पीक आणि आपली नुकसानभरपाई अवलंबून राहू लागली आहे, ती गोष्ट केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

जमिनीची पाहणी करणारा लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह अमेरिकेने 23 जुलै 1972 रोजी सोडला. त्याच साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता आणि लाखो माणसे खडी फोडून पोट भरीत होती. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. आपल्या देशाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-1ए हा 17 मार्च 1988 रोजी अवकाशात गेला. आज हैदराबादला राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आहे, नागपूरला राज्याचे केंद्र आहे.

हा आकाशातला डोळा किती बारीक पाहतो, हे आपल्या मापात सांगतो. उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे असते. 1972 सालच्या त्या उपग्रहाचा एक ठिपका सुमारे दीड एकराचा होता. आज युरोपचे सेंटिनेल उपग्रह 10 मीटर लांबी-रुंदीचा ठिपका देतात. म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजेच जवळजवळ बरोबर एक गुंठा! आणि ही चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात.

आता कोणी विचारील, की महापूर येतो तेव्हा आभाळ गच्च भरलेले असते, मग वरून दिसते काय? साध्या छायाचित्रात ढगच दिसतात. म्हणून तेथे रडारचे उपग्रह लागतात. ते स्वतःच लहरी सोडतात. त्या ढगांतून पार होतात आणि जमिनीवर आपटून परत येतात. हुपरीच्या माणसाला हे समजावयास अवघड नाही. चांदीचा पॉलिश केलेला पत्रा दिव्यापुढे तिरका धरा. सगळा उजेड एका बाजूला निघून जातो आणि दिव्याजवळ बसलेल्या माणसाला पत्रा काळा दिसतो. खरबरीत पत्र्यावरून मात्र उजेड चहूकडे उधळतो. साचलेले पाणी हे पॉलिश केलेल्या पत्र्यासारखे. लहरी परत येत नाहीत, म्हणून नकाशावर पाणी काळे उमटते.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी 43 फूट आहे. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ, इचलकरंजी या भागांत काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. अशा वेळी पाणी कोठवर पसरले, हे रडारच्या नकाशावर काही तासांत कळू शकते. ही सोय मोठीच आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु कोणतीही चांदी टंच काढल्याशिवाय आपण घेत नाही. मग या नकाशाचाही टंच काढला पाहिजे. पहिली गोष्ट, उपग्रह एकाच वाटेने रोज येत नाही. सेंटिनेलचा एक रडार उपग्रह 12 दिवसांनी परत येतो, आणि आपली पंचगंगा दोन दिवसांत गावात शिरते. दुसरी गोष्ट, उभ्या उसाच्या फडात कमरेइतके पाणी असले तरी लहरी पाल्यावरूनच परत फिरतात आणि फड कोरडा भासू शकतो. लांब लहरींचे रडार पाल्याखाली अधिक पोहोचते. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहावर तसे रडार आहे. तिसरी गोष्ट, दाट वस्तीत भिंतींवर आपटून लहरी परत येतात, त्यामुळे गल्लीतले पाणी काळे दिसेलच असे नाही.

आणि चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक गुंठ्याच्या ठिपक्यात दहा बाय बाराची भाड्याची खोली मावते, पण दिसत नाही. त्या खोलीत पैंजणाच्या कड्या जोडणारी बाई, तिची भट्टी, तिची बुडालेली मजुरी, यांपैकी काहीच दिसत नाही. शेताला सात-बारा असतो, घराला उतारा असतो. ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, त्याचे नाव आकाशातूनही वाचता येत नाही.

थोडे दूर पाहू. आफ्रिकेतले चाड सरोवर 1960 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत सुमारे नऊ-दशांशाने आटले. उपग्रहांच्या चित्रांत ते लख्ख दिसते. पुढे काही पाणी परतले, तेही दिसते. इथिओपियातील 1984 च्या भीषण दुष्काळानंतर अमेरिकेने दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभारली. रानाची हिरवाई उपग्रहावरून मोजून कोठे पीक बुडणार, हे ती आधी सांगू लागली. सोमालियाबद्दलही 2011 च्या आधी इशारे दिले गेले होते. तरीही मदत उशिरा पोहोचली आणि सुमारे अडीच लाख माणसे मेली. डोळ्याने पाहिले, हात हलला नाही. हा दोष उपग्रहाचा नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. पुराचा नकाशा मराठीत छापून प्रत्येक गावात लोकांना दिसेल असा लागला पाहिजे. दुसऱ्या बाजूने, पाणी कोठवर चढले त्याची खूण तारखेसह भिंतीवर, खांबावर आपण स्वतः करून ठेवली पाहिजे. त्या खुणा नकाशाशी ताडून पाहणे हे शाळेतल्या मुलांनाही जमेल. आणि तिसरे काम संघटनांचे, तरुण मंडळांचे. भाडेकरू कारागीर, रोजंदारीवरची बाई, परगावचा मजूर यांची गल्लीवार यादी पावसाळ्यापूर्वी तयार हवी. पंचनाम्याच्या दिवशी नकाशा आणि यादी ही दोन्ही टेबलावर ठेवता आली, तर कोणालाही, ‘तुमचे नाव कोठे आहे?’ असे विचारून माणसाला परत पाठवता येणार नाही.

पावसाळा काही आठवड्यांवर आला आहे. यादीची वही उद्यापासून सुरू करता येईल.