गव्हाचा शास्त्रज्ञ आणि त्याचे गुलाब



गुलाबाविषयी भाषण म्हटले की आता काव्य सुरू होणार, असे तुम्हांला वाटले असेल. तसे काही होणार नाही. मी आज बोलणार आहे तो गुलाबाच्या जातींविषयी, आणि त्या जाती तयार करणाऱ्या एका माणसाविषयी. हा माणूस व्यवसायाने गव्हाचा शास्त्रज्ञ होता. ऑफिसच्या वेळेत त्याने गहू सुधारला आणि उरलेल्या वेळात शंभराच्या घरात गुलाबाच्या नव्या जाती निर्माण केल्या. त्याचे नाव डॉ. बेंजामिन पिअरी पाल.

पण आधी एक साधा प्रश्न. गुलाबाची नवी जात येते कुठून? आपण रोपवाटिकेत जातो, चिठ्ठीवरचे नाव वाचतो, पैसे देतो आणि कुंडी घेऊन येतो. ते नाव कोणी दिले, ते झाड कोणी घडवले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. आंब्याचे उदाहरण घेऊ. हापूसची कोय लावली तर हापूस येईल का? तुम्ही लगेच म्हणाल, नाही, रायवळ येईल. हापूस हवा तर कलमच पाहिजे. गुलाबाचेही तसेच आहे. गुलाबाला फळ येते, त्या फळात बी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते, कारण आपण फूल झाडावर राहू देतो कुठे? पण बी पेरले तर प्रत्येक रोप निराळे निघते. बागेतल्या गुलाबाच्या रक्तात चार देशांच्या गुलाबांची सरमिसळ झालेली आहे. चीनमधल्या गुलाबाने वारंवार फुलण्याचा गुण दिला, आणखी कोणी सुगंध दिला, कोणी पिवळा रंग. बियाणे पेरले की हे सारे पूर्वज जागे होतात आणि कोणाचे नाक, कोणाचे डोळे अशी भावंडे जन्माला येतात.

जात तयार करणारा माणूस नेमका याच सरमिसळीचा फायदा घेतो. तो दोन झाडे निवडतो, एक आई आणि एक बाप. आईच्या झाडावरची कळी उमलू लागली, की तिच्या पाकळ्या अलगद काढतो, आतले पुंकेसर कात्रीने किंवा चिमट्याने काढून टाकतो आणि वर कागदाची पिशवी बांधतो, म्हणजे मधमाशी येऊन लुडबूड करणार नाही. मग बापाच्या फुलातली पिवळी पूड, म्हणजे परागकण, बोटाने किंवा कुंचल्याने आईच्या कुक्षीवर लावतो. पुन्हा पिशवी, आणि देठाला चिठ्ठी: आई अमुक, बाप तमुक, तारीख ही. फळ धरले तर काही महिन्यांनी पिकते. बी पेरतात. काही उगवते, काही उगवत नाही. जी रोपे वर येतात त्यांतली बहुतेक सगळी उपटून टाकायची असतात! एखादे रोप ठेवण्याजोगे वाटते. त्याच्याकडे मग उन्हाळे-पावसाळे पाहत राहायचे: रोग पडतो का, फूल उन्हात टिकते का, झाड जोमदार आहे का? यात सात-आठ वर्षे सहज जातात.

आणि ते एक रोप पसंत पडले, तर त्याच्या फांदीवरचा डोळा काढून गावठी गुलाबाच्या खुंटावर भरायचा. त्या डोळ्याचे झाड, त्या झाडाचे शंभर डोळे, त्यांची शंभर झाडे. म्हणजे एखाद्या नावाचा गुलाब गावोगावी दिसतो, तेव्हा ती सारी झाडे मुळात एकाच रोपट्याचे तुकडे असतात. जाता जाता एक गोष्ट सांगतो. “आमचा कलमी गुलाब दोन वर्षांनी गावठी झाला,” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. गुलाब बदलत नाही. डोळा भरला त्याच्या खालून खुंटाला फूट येते, ती जोमाने वाढते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते. जोडाच्या खालची फूट दिसली की मुळापासून काढा; कलम वाचेल.

आता डॉ. पाल यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९०६ साली पंजाबातला, पण बालपण ब्रह्मदेशात गेले. वडील तिथे डॉक्टर होते. रंगूनला शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजला गेले. तिथे बिफेन या शास्त्रज्ञाने एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती: गव्हावरच्या पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती मेंडेलच्या नियमांप्रमाणे आईबापांकडून पुढच्या पिढीत उतरते. तांबेरा म्हणजे काय, हे गहू करणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. काही भागांत त्यालाच गेरवा म्हणतात. उभे पीक पाहता पाहता विटकरी धुळीने माखते आणि ओंबीत दाण्याऐवजी सुरकुतलेले फोल उरते. तांबेरे तीन: काळा, तपकिरी आणि पिवळा. एकाशी झुंजणारा गहू दुसऱ्यापुढे हार खातो.

१९३३ साली पाल बिहारमधल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी बिहारच्या भूकंपात ती संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली दिल्लीला हलली. तिथे पाल यांनी गव्हाचे संकर सुरू ठेवले. एका जातीत एका तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती, दुसरीत दुसऱ्याला. त्यांची लग्ने लावायची, नातवंडे-पतवंडे तपासायची, नापास झालेली टाकायची. या खटाटोपातून १९५४ साली ‘एन. पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा गहू बाहेर आला. १९५० ते १९६५ ते त्या संस्थेचे संचालक होते. १९६५ साली ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. बुटक्या मेक्सिकन गव्हाने देशाचे कोठार भरायला सुरुवात केली ती याच वर्षांत.

हे सारे करणारा माणूस सकाळ-संध्याकाळ गुलाबाच्या वाफ्यात वाकलेला असे. का? एक कारण उघड आहे, आवड. दुसरे मात्र विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडे गुलाबाच्या नामांकित जाती येत त्या बहुतेक युरोप-अमेरिकेतून. तिथल्या मंद उन्हात आणि थंड हवेत त्यांची निवड झालेली. आपल्या उन्हात त्यांची कळी सकाळी उमलते ती दुपारी पसरट होते आणि रंग विटतो. ज्या हवेत झाड वाढायचे त्याच हवेत त्याची निवड झाली पाहिजे, ही गव्हाच्या शेतातली शिकवण पाल यांनी गुलाबाला लावली. त्यांच्या जातींची नावेही इथल्या मातीची आहेत. ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा झुबक्याने फुलणारा गुलाबी, ‘रोझ शरबत’ दाट सुगंधाचा, ‘बंजारन’ भटक्या स्त्रीच्या घागऱ्यासारखा भडक रंगाचा. एका शुभ्र गुलाबाला त्यांनी नाव दिले ‘डॉ. होमी भाभा’. भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले. मुंबईच्या आपल्या संस्थेभोवती झाडे आणि बाग असावी म्हणून झटणारा तो शास्त्रज्ञ होता. एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला वाहिलेली याहून साजरी श्रद्धांजली कोणती? त्याच १९६६ साली पाल यांचे भारतातल्या गुलाबांवरचे इंग्रजी पुस्तकही निघाले.

कोणी म्हणेल, “मास्तर, पोटाला भाकरी नसताना गुलाब कसले?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पाल यांच्या आयुष्यातच आहे. ज्याने गुलाब केले त्याने भाकरीचीही चिंता वाहिली. दोन्हीकडे विद्या एकच होती: निवडायचे, जुळवायचे, थांबायचे आणि न कचरता टाकून द्यायचे. फरक एवढाच, की गव्हाची जात बियाण्यातून तशीच उतरली पाहिजे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती स्थिर करावी लागते. गुलाबाचे एक रोप साधले की काम डोळा भरणारा माळी पुढे नेतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा शाळेच्या अंगणात चांगला शिकवता येईल. ज्या गुलाबावर आपोआप फळे धरलेली दिसतात असे झाड आई म्हणून निवडा. काही जातींना फळ धरतच नाही. थंडीच्या दिवसांत मुलांच्या हातून चार फुलांवर पराग लावून घ्या, चिठ्ठ्या बांधा, वहीत तारखा लिहा. फळ हिरव्याचे पिवळे-नारिंगी झाले की बी काढून कुंडीत पेरा. चारांतले एखादे फळ धरेल, बियांतले थोडे उगवेल. येणारे पहिले फूल बोटाच्या पेराएवढे असेल आणि बहुधा सामान्यच असेल. पण ते फूल जगात त्यापूर्वी कोणी पाहिलेले नसेल. अनुवंशाचा नियम मुलाला समजायला याहून सोपी वाट मला तरी माहीत नाही.

आणि शेतकरी मित्रांनो, निवड करण्याचा हक्क फक्त प्रयोगशाळेचा नाही. आपल्या आयाबायांनी चांगले कणीस वेगळे काढून आढ्याला टांगले, तेही जात घडवण्याचेच काम होते. २००१ साली आपल्या देशात पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयी कायदा झाला. त्याने संशोधकाइतकाच शेतकऱ्यालाही आपल्या नव्या वाणाची नोंद करण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा तुमच्या शेतात एखादे झाड चारचौघांपेक्षा निराळे दिसले, रोगाच्या साथीत एकटेच हिरवे उभे राहिले, तर ते कापू नका. त्याला खूण बांधा, त्याचे बी वेगळे ठेवा, पुढच्या हंगामात पुन्हा लावून पाहा.

डॉ. पाल १९८९ साली गेले. ‘एन. पी. ८०९’ आज शेतात दिसत नाही. त्याची जागा नव्या गव्हांनी घेतली, आणि तसेच व्हायला हवे. कोणतीही जात कायमची नसते, कारण रोगही बदलत असतो. कायम लागतात ती रोज सकाळी वाफ्यात जाऊन प्रत्येक झाडाकडे वेगळे पाहणारी माणसे. तशी माणसे तुमच्या गावातून, तुमच्या शाळेतून तयार होवोत, एवढे म्हणून मी आपला निरोप घेतो.