रंगमंच, वृत्तपत्र आणि शेजारी
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील तरुण मंडळापुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या नाटकात काम करणाऱ्या तरुणांपैकी काहींस पुढे वृत्तपत्राच्या व्यवसायात जाण्याची इच्छा आहे, असे आमच्या कानी आले. नट आणि पत्रकार यांच्या वाटा भिन्न, असे पुष्कळांस वाटते. त्या कोठे मिळतात, हे याच गिरगावात जन्मलेल्या एका गृहस्थाच्या चरित्रावरून सांगावे, असे आम्ही योजिले आहे. ते गृहस्थ म्हणजे कै. विजय तेंडुलकर.

त्यांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. वडील कारकुनी करून लहानसा प्रकाशनव्यवसाय चालवीत, आणि हौशी नाटकांतही रमत. मोठ्यांच्या तालमी पाहत हा मुलगा वाढला. अकराव्या वर्षी त्याने स्वतः नाटक लिहिले, बसविले आणि त्यात कामही केले. चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत, शाळा सुटली. पुढे पोटासाठी त्याने वृत्तपत्रांची नोकरी धरली. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ यांत काम केले. मुंबईच्या चाळीत राहून कनिष्ठ मध्यमवर्गाचे जिणे त्याने जवळून पाहिले.

रंगमंचाने त्यांस माणसाचे बोलणे ऐकावयास शिकविले, आणि वृत्तपत्राने घडलेली गोष्ट डोळे न मिटता पाहावयास. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास विलेपार्ल्यात आलेल्या हौशी मंडळींचे संभाषण त्यांच्या कानी पडले, आणि त्यातून १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक सुचले, असे सांगतात. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात एका एकाकी स्त्रीची अब्रू कशी वेशीवर टांगली जाते, हे त्यात दिसते.

परंतु आमचे लक्ष वेधते ते त्यांनी रंगविलेल्या दोन पत्रकारांकडे. १९७९ च्या ‘सिंहासन’ या चित्रपटाची पटकथा त्यांची; मूळ कादंबऱ्या अरुण साधूंच्या. त्यात डिकास्टा नावाचा कामगारपुढारी असल्याने आपल्यातील वडीलधाऱ्यांस तो आठवत असेल. त्यातील पत्रकार दिगू टिपणीस मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवतीचे सारे कारस्थान पाहतो, आणि अखेरीस त्याचे भान सुटते. नुसते पाहत राहणे मनुष्यास सोसत नाही.

दुसरा पत्रकार ‘कमला’ नाटकातील जयसिंग जाधव. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’चे बातमीदार अश्विनी सरीन यांनी, स्त्रियांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी, एक स्त्री खरोखरच विकत घेतली होती. त्यावरून हे नाटक झाले. जयसिंगाची बातमी खरी असते, हेतूही वरकरणी चांगला. तरीपण तो त्या बाईस फाटक्या वस्त्रांतच पत्रकारांपुढे उभी करतो. ती स्वच्छ झाली तर पुरावा फिका पडेल ना! मग ती अडाणी बाई त्याच्या पत्नीस, सरितेस, विचारते की तुला कितीला घेतले? त्या एका प्रश्नाने सरितेस स्वतःचा संसार दिसू लागतो. जयसिंगास मात्र कमलेच्या दुःखापेक्षा तिची बातमी मोठी वाटते.

तरुण मित्रहो, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे; अर्थात प्रत्येकजण बातमीदार आहे. परळ-लालबागच्या रस्त्यावर अपघात झाला की हात देणारे थोडे व चित्रण करणारे पुष्कळ, हे आपण पाहतो. आपल्या नाटकांतही दारुडा व मोलकरीण हटकून असतात, आणि हशा त्यांच्यावरच पिकतो. पण ज्या घरात खरोखर दारू शिरली आहे, त्या घरची मुले मागच्या बाकांवर बसलेली असतात, हे विसरू नका.

यास्तव आमचे एवढेच सांगणे आहे. दारुड्याचे काम जरूर करा. परंतु त्या मुलांस मान खाली घालावी लागणार नाही, असे करा. बातमी जरूर लिहा, निर्भयपणे लिहा. परंतु ती छापून आल्यावर, जिच्याविषयी लिहिले त्या व्यक्तीच्या दारी पुन्हा एकदा जा. पहिल्या खेपेस आपण बातमीसाठी जातो. दुसऱ्या खेपेस शेजारी म्हणून जावे.

तेंडुलकर १९ मे २००८ रोजी पुण्यास निवर्तले. त्यांची नाटके पुष्कळांस बोचली, आणि अद्यापि बोचतात. आपल्या महोत्सवाच्या नाटकाने हसवावे, पण थोडे बोचावेही, अशी आमची इच्छा आहे.